आजीची विळी, सव्वादोन वर्षांचा नातू आणि एक जुनी पेटी : एक प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं हे प्रकरण. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटना घडल्यावर सेविकाताईंनी या घरी ज्या भेटी दिल्या, त्यांतल्या बहुतेक भेटींना पर्यवेक्षिका म्हणून मी सोबत होते. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि घरात रांगतं-चालतं लेकरू असलेल्या कुणालाही यातलं काही ना काही उपयोगी पडेल, म्हणून जसं घडलं तसं मांडते.

पार्श्वभूमी

घरात सहा माणसं. आजी साठी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघ्यांनी हैराण. आजोबा, मुलगा, सून, पहिलीत जाणारी सहा वर्षांची राणी आणि सव्वादोन वर्षांचा गोलू. तीन एकर कोरडवाहू शेती. सोयाबीन, तूर आणि थोडी पऱ्हाटी. पुढे टिनाची सपरी, मध्ये एक खोली, मागे स्वयंपाकघर. गॅस आला आहे, पण भाकरी चुलीवरच होते. आणि ओटा नाही.

ओटा नाही याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण मुलांच्या सुरक्षिततेचे बहुतेक सल्ले ओटा गृहीत धरूनच दिले जातात. सुऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवा, ओट्याच्या कडेपासून आत सरकवा, भिंतीवर चुंबकाची पट्टी लावा. या घरात चिरणं, निवडणं, कणीक भिजवणं, वाढणं, जेवणं सगळं जमिनीवर चालतं. विळी जमिनीवर उभी असते आणि तिचं पातं बसलेल्या गोलूच्या छातीपर्यंत येतं. दिवसातून तीन-चार वेळा आजी तिच्यावर बसतात. एका पायानं पाट दाबून ढेमसं, वांगी, कोहळं असं काय काय चिरतात आणि गोलू समोर बसून ते बघतो.

हंगाम सोयाबीनच्या सोंगणीचा. सून सकाळी सातलाच बायकांच्या टोळीसोबत गुत्त्याच्या कामाला निघायची, ती दिवस मावळताना परत. मुलगा कधी स्वतःच्या वावरात, कधी मळणीयंत्रावर. घर, चूल आणि दोन्ही लेकरं आजीवर. अंगणवाडीतलं पूर्वशालेय शिक्षण मूल तीन वर्षांचं झाल्यावर सुरू होतं, त्यामुळे गोलू दिवसभर घरी. राणी शाळा सुटली की त्याला कडेवर घेऊन फिरायची. स्वतः काडीसारखी आणि कडेवर एवढं थोरलं पोर.

घटना

दुपारची वेळ. राणी शाळेतून आली होती. आजी ढेमसं चिरत होत्या, अर्धी झाली होती. दारात शेजारीण आली आणि तिनं उसनं तिखट मागितलं. आजी भिंतीला धरून उठल्या, मधल्या खोलीत डबा काढायला गेल्या. विळी तशीच उभी.

गोलू उठून आजीच्या जागी बसला. अगदी आजीसारखा, एक पाय पाटावर दुमडून. हातात उरलेलं ढेमस. तो ते पात्यावर टेकवतो आहे हे राणीनं दारातून पाहिलं. ती धावली, त्याला मागून ओढलं आणि तोल जाताना तिचा उजवा तळहात पात्यावर घासला. गोलूला ओरखडासुद्धा नाही. राणीच्या तर्जनीच्या मुळाशी चांगली खोल चीर.

पुढचा अर्धा तास बहुतेक घरांत जसा जातो तसाच गेला. आजीनं मूठभर हळद दाबली. शेजारीण चहापत्ती घेऊन आली. आजोबांनी तंबाखूचा उपाय सुचवला, पण तोवर ओढणी गुंडाळून झाली होती. शेजारच्या मुलानं मोटरसायकलवर उपकेंद्रात नेलं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आधी ती हळद धुऊन काढावी लागली, कारण हळदीखाली जखम किती खोल आहे हे दिसतच नव्हतं. त्यांनी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं जखम धुतली, स्वच्छ गॉज ठेवून दहा मिनिटं एकसारखा दाब दिला, मध्ये उघडून पाहिलं नाही. मग राणीला एकेक बोट वाकवायला आणि सरळ करायला लावलं. डोळे मिटायला सांगून बोटाच्या टोकाला स्पर्श केला आणि कळतं का विचारलं. बोट वाकलं नसतं किंवा टोक बधिर असतं, तर स्नायूबंध किंवा नस कापल्याची शंका घेऊन मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं असतं. तसं नव्हतं. पण जखमेच्या कडा फाकल्या होत्या, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून तीन टाके घातले. लसीकरणाच्या कार्डावर पाच वर्षांच्या डीपीटी बूस्टरची (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस) नोंद नव्हती. तो डोसही तेव्हाच दिला गेला.

पहिला निर्णय : विळी हद्दपार

त्या रात्री घरात दोन गोष्टी झाल्या. राणीवर सगळे रागावले. "तुले कोणं सांगतलं होतं मधात जायले?" असं आजोबा म्हणाले, बापानंही तीच री ओढली. आणि गोलूच्या बापानं विळी उचलून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारातून प्लास्टिकच्या मुठीच्या दोन सुऱ्या आणल्या.

राग समजण्यासारखा होता, निर्णय मात्र उलटा पडला. विळी जड असते, दोन वर्षांच्या पोराला ती उचलून नेता येत नाही. धोका आहे तो एका जागी. सुरी हलकी, मुठीत मावणारी, ती घेऊन पळता येतं. सुऱ्या चमच्यांच्या ग्लासात, खालच्या फळीवर ठेवल्या गेल्या, कारण घरात लांबट वस्तू ठेवायची तीच जागा. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गोलूनं एक सुरी उपसली, स्वयंपाकघरातून सपरीत आजीकडे पळत आला आणि पातं पुढे धरून म्हणाला, "आजी, चिल."

शिवाय आजीला सुरी जमेना. सगळा जन्म दोन्ही हातांत भाजी धरून पात्यावर ढकलण्याची सवय. एका हातात सुरी आणि दुसऱ्यात फोड हे गणितच वेगळं. ताटात कोहळं ठेवून सुरी दाबली की ते घसरायचं. चार-सहा दिवसांत सुनेनं कुणाला न विचारता विळी खाली काढून धुतली आणि जागेवर ठेवली. या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच, असं मला वाटतं. पण तो गुपचूप झाला, त्यामुळे त्याच्यासोबत जे ठरायला हवं होतं ते काहीच ठरलं नाही.

घर बसून पाहणं

सेविकाताई घरी गेल्या त्या राणीची विचारपूस करायला. आजी सुरुवातीला बोलेचनात. मग एकदम म्हणाल्या, "चाळीस वर्स झाली माय, ह्याच इळीवर चिरून रायली मी. चार लेकरं मोठी केली. तेव्हा नाही कोणाले लागली." हे खरंही होतं. फरक एवढाच, की तेव्हा घरात जावा होत्या, सासू होती, चिरणारी एक आणि लेकरं धरणाऱ्या दोघी. आता दोन्ही कामं एकाच जोडी हातांना होती. ताईंनी हे असंच आजीला बोलून दाखवलं आणि तिथून बोलणं सुरू झालं. त्याआधीचं वातावरण जणू आजीवर खटला चालल्यासारखं होतं.

मग ताई जमिनीवर बसल्या आणि गुडघ्यांवर सरकत त्यांनी घर पाहिलं. उभ्यानं पाहिलं तर धारेच्या वस्तू दिसत नाहीत, कारण मोठ्या माणसाची नजर टेबलाच्या उंचीवरून फिरते. बसल्यावर दिसलं ते असं : विळी चुलीजवळ. सुऱ्या ग्लासात. किसणी खालच्या फळीवर उघडी. सपरीच्या कुडात खोचलेले दोन दातेरी विळे, मुठी बाहेर आलेल्या. दारामागे कुऱ्हाड. न्हाणीच्या कोनाड्यात दाढीचं वापरलेलं ब्लेड, कागदात गुंडाळलेलं. आजोबांची पानाची चंची खाटेवर आणि तिच्यात अडकित्ता. आणि गोलूच्या उशाखाली एक छोटा चाकू.

हा शेवटचा पाहून मी चमकले खरी, पण नवल काही नव्हतं. लेकरू झोपेत दचकतं म्हणून उशाशी लोखंड ठेवतात. बाळंतिणीच्या खाटेखाली विळा ठेवणारी घरं आजही पुष्कळ आहेत. ताईंनी त्यावर व्याख्यान दिलं नाही. त्यांनी विचारलं, "आजी, लोखंडच पायजे ना? मंग चाकूच कायले? कुलूप ठेवा ना मोठं." आजीनं क्षणभर विचार केला आणि कोठीचं जुनं बोजड कुलूप काढून उशाखाली सरकवलं. वाद दोन मिनिटांत मिटला. श्रद्धेला हात न लावता धार काढून घेतली गेली.

दुसऱ्या भेटीत ताईंनी अंगणवाडीच्या उंची मोजायच्या पट्टीवर गोलूला उभं केलं. उंची 88 सेंमी. टाचा उंचावून हात वर केला तर मीटरच्या थोडं वर पोहोचत होता. ढेपेच्या पोत्यावर चढला की आणखी हातभर. याच भेटीत बापाला पहिल्यांदा पटलं की कुडात खोचलेला विळा "वर" नव्हताच. अंगणवाडीत उंची-वजन दर महिन्याला घेतलं जातं, नोंदवहीत लिहिलं जातं, पण हा आकडा "आता त्याचा हात कुठवर जातो" या प्रश्नासाठी कधी वापरला जात नाही.

नेमकी अडचण कुठे होती

सगळ्यांचा समज असा, की अडचण विळी ठेवण्याच्या जागेची आहे. जागा उंच केली की काम झालं. पण विळी दिवसभर जागेवर पडलेली असताना काहीच घडलं नव्हतं. भाजी अर्धी चिरून आजी उठल्या त्या दोन मिनिटांत घडलं. रात्री विळी कुठे असते हे महत्त्वाचं आहेच, पण खरा धोका काम चालू असताना मध्येच उठण्याच्या त्या वेळेत होता.

आणि आजी उठताना विळी का ठेवत नाहीत हे कुणी विचारलं नव्हतं. ताईंनी विचारण्याऐवजी पाहिलं. आजी उठताना डावा हात भिंतीला लावायच्या, उजवा हात जमिनीवर टेकून जोर द्यायच्या, कण्हत अर्ध्या वर यायच्या आणि मग माठाच्या तिवईला धरून सरळ व्हायच्या. दोन्ही हात उठण्यातच गुंतलेले. विळी घेऊन उठणं त्यांना शक्यच नव्हतं. "वर ठेवत जा ना आत्याबाई" असं सून पूर्वी बऱ्याचदा म्हणाली होती. आजी "हो" म्हणायच्या आणि ठेवायच्या नाहीत. सुनेला तो हट्ट वाटायचा.

माझ्या मते इथे प्रकरण फिरलं. तोवर सगळे आजीला सवय बदलायला सांगत होते; अडचण सवयीची नाही, गुडघ्यांची आहे हे आता दिसलं.

कोणते पर्याय तपासले

घडीची विळी हा पहिला विचार, बाजारात सहज मिळणारी. पातं पाटावर आडवं होतं, हाताळायला सोपी. सुनेनं शेजारून एक मागून आणली. आजीला तिचा पाट अरुंद वाटला, पायाखाली डुगडुगली, कोहळं चिरताना बिजागरीवर विश्वास बसेना. ज्यांच्या घरी चालते त्यांच्यासाठी हाच सोपा मार्ग आहे, पण तिथंसुद्धा उठण्याआधी घडी घालावी लागतेच.

स्वयंपाकघराच्या दाराला अर्ध्या उंचीची बांबूची ताटी लावून पाहिली. गोलू ती धरून हलवत बसला आणि आजीला ती ओलांडणं जमेना. अडखळून आजीच पडल्या तर काय, असं म्हणून ती काढली.

बापाची एक सूचना होती विळीची धार बोथट करण्याची. आजी यावर मनापासून हसल्या. बोथट पात्यावर जोर जास्त लावावा लागतो, जोर लावला की भाजी घसरते आणि हात पुढे जातो. लागायचं ते बोथटावरच जास्त लागतं, हे चिरणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

धारेला टोपण घालायची कल्पना शेजारच्या शेतकऱ्याची. त्यांच्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्या पडून होत्या, 16 मिमीच्या. नळीचा हातभर तुकडा लांबीला चिरला की तो विळ्याच्या पात्यावर बसतो आणि दातेऱ्या विळ्यावर तर घट्ट धरतो. फुकटचं काम. विळ्यांसाठी ते उत्तम ठरलं. विळीला मात्र पुरेसं नव्हतं, कारण टोपण गोलू ओढून काढू शकत होता. त्याला तर तो खेळच वाटला.

आणि पेटी. आजोबांची जुनी लाकडी पेटी सपरीत पडून होती, पूर्वी बियाणं ठेवायची. उंची गुडघ्याएवढी. विळी आडवी केली की आत मावते. ताईंच्या मनात होतं की कडी लावता येईल अशी जागा आजीच्या हाताशी असावी, इतकंच. ती पेटी आजीच्या बसायच्या जागेशेजारी ठेवली. आणि आजीनं उठताना सवयीनं आधार शोधला तेव्हा हात पडला तो पेटीवर. झाकण बंद असेल तरच तिच्यावर भार देता येतो. म्हणजे उठायचं असेल तर आधी विळी आत, मग झाकण, मग त्यावर हात टेकून वर. ठेवणं आणि उठणं एकाच हालचालीत बसलं. कुणाला काही लक्षात ठेवायची गरज उरली नाही; गुडघेच आठवण करून देत होते.

हे कुणी आधी योजलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. पण एकदा दिसल्यावर त्याच्यावरच भर दिला.

प्रत्यक्ष काय केलं

पेटी डगमगू नये म्हणून खाली सपाट फरशी घातली. झाकण पोराच्या बोटांवर आदळू नये म्हणून काठावर जुन्या टायरचे दोन तुकडे ठोकले, त्यामुळे बंद केल्यावरही बोटभर फट राहते. कडीला लाकडी खिट्टी. सुऱ्या आणि किसणीही त्याच पेटीत गेल्या. चमच्यांच्या ग्लासात आता फक्त चमचे.

आजीनं स्वतः एक नियम घातला : अर्ध्यातून उठायचंच नाही. शेजारीण आली तर "बस जी, चिरून होऊ दे" म्हणायचं. गावात दारात आलेल्या बाईला थांबवणं जिवावर येतं, पण कारण कळल्यावर कुणी राग धरला नाही.

विळे, कुऱ्हाड आणि ब्लेड हे बापाच्या वाट्याला दिलं. विळ्यांना नळीची टोपणं, मग दोन्ही गोणपाटात गुंडाळून आड्यावर. ब्लेड वापरून झालं की झाकणाच्या डब्यात. काम वाटून दिल्याशिवाय ते सुनेवर पडणार हे उघड होतं. वावरातून येऊन भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक राखण कशाला?

गोलूचं काय? त्याला चिरायचं होतं. "हात लावू नको" हे त्याला कळत होतं, पण सव्वादोन वर्षांच्या पोराला कळणं आणि हात आवरणं यांत बरंच अंतर असतं. मनाई केली की तो टक लावून संधीची वाट बघायचा. म्हणून चिरायच्या वेळी त्याला त्याचं काम दिलं : बरबटी (चवळीच्या शेंगा) हातानं तोडायची, सांभाराची (कोथिंबिरीची) पानं खुडायची, मेथी निवडायची. जागा आजीच्या समोर नाही, तर पेटीच्या पलीकडे, म्हणजे पात्यापासून हात लांब राहावेत. निम्मी मेथी जमिनीवर जायची, पण तो रमायचा. तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या तेव्हा आजी त्याही द्यायला निघाल्या होत्या. ताईंनी अडवलं, कारण एवढ्या पोरांना दाणे नाकात घालायची आणि तोंडात टाकून ठसका लागायची भीती असते. एवढ्या लहान वयात दाण्यांचं काम मोठ्यांचंच.

राणीशी बोलणं सगळ्यात उशिरा झालं आणि ते सगळ्यात जास्त गरजेचं होतं. तिनं चूक केली असं घरानं तिच्या मनावर बिंबवलं होतं. ताईंनी आजी-आजोबांसमोरच सांगितलं, की भावाला वाचवायला धावली ही चांगली गोष्ट, फक्त ओढायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग लाटणं घेऊन खेळ खेळला. सहा वर्षांच्या मुलीनं धारेच्या वस्तूजवळ जायचंच नाही, दोन पावलं मागे थांबून "आजी, इळी!" असं जोरात ओरडायचं. मोठ्यांनी मात्र ओरडायचं नाही, कारण पोर दचकतं किंवा त्याला पकडापकडीचा खेळ वाटून ते पळतं. शांतपणे मागून जायचं, मनगट धरायचं, दुसऱ्या हातानं त्याच्यासमोर दुसरी काहीतरी वस्तू धरायची आणि मगच सुरी काढून घ्यायची. पात्याला धरून हिसकायचं नाही.

जखमेबद्दलही एकदा सगळ्यांना बसवून सांगितलं. धुवा, स्वच्छ कापडानं दाबा, दहा मिनिटं सोडू नका. हळद, चहापत्ती, तंबाखू, राख, चुना काहीच भरू नका. रक्त थांबत नसेल, जखम फाकली असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल, तर दवाखाना. काही रुतून बसलं असेल तर घरी उपसायचं नाही. आणि धनुर्वाताच्या डोसांचं कार्ड सोबत न्या.

निष्पत्ती

तुरीचा हंगाम संपेपर्यंत ताई अधूनमधून जात राहिल्या. या काळात घरात कुणाला कापलं नाही. एवढ्यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही, पण पेटीची सवय टिकली, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. राणीचं बोट काही दिवस ताठर होतं, आता नीट वळतं. ती आजही विळीपासून जरा लांबच बसते.

गोलूनं काही आठवड्यांत खिट्टी काढायची कला साधली, जशी ती पोरं साधतातच. मग दोन पातळ्या ठरवल्या. आजी घरात हिंडत-फिरत असतील तेव्हा खिट्टी. स्वयंपाक उरकून आजी सपरीत येऊन बसल्या की कुलूप आणि किल्ली आजीच्या बटव्यात. दर वेळी कुलूप लावायला सांगितलं असतं तर ते दोन दिवसांत सुटलं असतं.

बापाचं पालन अर्धंमुर्धं. सोयाबीनच्या दिवसांत विळे आड्यावर जायचे, पण तुरीच्या सोंगणीला एकदा ताईंना विळा टोपणाशिवाय खाटेवर दिसला. थकून आलेला माणूस हातातलं जिथं टेकतो तिथंच टाकतो. त्यावर उपाय म्हणून आता गोणपाट सपरीच्या दारातच वर टांगलं आहे, घरात शिरतानाच विळा त्यात जावा म्हणून. आजोबांचा अडकित्ता? "माह्या चंचीले कोण हात लावते?" हे त्यांचं म्हणणं अजून कायम आहे. खूप घासाघीस झाल्यावर चंची खाटेवर न ठेवता बंडीच्या खिशात ठेवायला लागले, तेही रोज नाही. इथे यश मिळालं असं म्हणवत नाही.

एक प्रसंग मुद्दाम नोंदवण्यासारखा. हिवाळ्यात नातेवाइकांच्या वावरात रोडग्यांचा स्वयंपाक होता. वांग्यांचा ढीग, अंगणात सात-आठ विळ्या ओळीनं, बायका चिरत-बोलत आणि पोरं मधून पळत. घरातली पेटी तिथं कामाची नाही. त्या दिवशी सुनेनंच पुढाकार घेतला : एका बाईनं चिरायला बसायचंच नाही, फक्त लेकरं बघायची आणि तासाभरानं पाळी बदलायची. सुरुवातीला बायकांना ते ऐतखाऊपण वाटलं. पण स्वयंपाक उरकेपर्यंत पाळी चालली.

वेगळं काय करता आलं असतं

आजीशी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. माता बैठकांमध्ये आपण सुनांना बोलावतो, सल्ला सुनांना देतो, आणि दिवसभर लेकरू आणि चूल दोन्ही ज्यांच्याकडे असतात त्या सासवा त्या बैठकीत नसतात. या घरात धारेच्या वस्तूबद्दलची प्रत्येक सूचना सुनेमार्फत आजीपर्यंत गेली आणि म्हणून ती टोमण्यासारखी पोहोचली.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. आशाताईंच्या लहान बाळासाठीच्या ठरलेल्या घरभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात होतात. अंगणवाडीतलं मूल रोज दिसू लागतं ते तीन वर्षांपासून. मधल्या काळात आई पोषण आहाराची पाकिटं न्यायला आणि वजन करायला येते, म्हणजे मूल आपल्याकडे येतं, पण घर आपल्याला दिसत नाही. आणि पोर पोत्यावर चढायला, फळीवरून काढायला, मोठ्यांची नक्कल करायला लागतं ते नेमकं याच काळात. या घरात पंधराव्या महिन्याच्या भेटीत विळीबद्दल कुणी बोललं असतं तरी त्या वेळी गोलू नुकताच चालू लागला होता. ते कुणाला पटलं नसतं. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, सोळा ते चोवीस महिन्यांच्या बूस्टर डोसची आठवण द्यायला जाताना, घर बसून पाहायची एक भेट जोडता येईल. आमच्या बीटमध्ये (माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांत) काही सेविकांनी ती सुरू केली आहे.

तिसरं, राणीला आधी ऐकायला हवं होतं. गोलू विळीवर बसायला बघतो हे तिला घटनेच्या बरंच आधीपासून माहीत होतं. तिनं ते आजीला सांगितलंही होतं. त्या वेळी सगळे हसले होते, कौतुकानं.

मजूर बायकांचे विळे हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सोंगणीच्या दिवसांत चुकारा (मजुरीचे पैसे) घ्यायला टोळीतल्या बायका संध्याकाळी सपरीत बसतात, विळे बाजूला टेकवतात, आणि घरोघरची पोरं तिथंच घुटमळत असतात. ऑटोत दाटीनं बसून येतानाही ते विळे मांडीवरच असतात. वावरातून निघतानाच सगळे विळे एका गोणीत बांधायचे आणि गोणी टोळी गोळा करणाऱ्या बाईच्या ताब्यात, असं ताईंनी सुचवलं आहे. प्रत्येकीला आपला विळा ओळखीचा आणि हातात बसलेला, म्हणून तो गोणीत टाकायला त्या का-कू करतात. मुठींना रंगीत चिंध्या बांधून पाहायचं ठरलं आहे. त्या टोळीवाल्या बाईशी पोळ्याआधी बोलून घ्यावं लागेल. पोळा झाला की ती कुणाच्या हाती लागत नाही.